ग्वाल्हेरचे नौदलप्रमुख
(स्वागताध्यक्षीय भाषण)



नौदलाच्या इतिहासावरचं मराठी संमेलन इंदुरात कसं, असं काही जणांनी विचारलं. महूची लष्करी छावणी जवळ असल्यामुळे लष्कर आपल्या ओळखीचं. समुद्र मात्र फार लांब. तरीही स्वतंत्र भारताचे दुसरे भारतीय नौदलप्रमुख आपल्याच मध्य भारतातले, ग्वाल्हेरला १९१३ साली जन्मलेले व्हाइस अ‍ॅडमिरल भास्कर सदाशिव सोमण. इथल्या नव्या पिढीला हे नाव माहीत नसावं, याची मला मनापासून खंत आहे.

डिसेंबर १९६१ मध्ये, गोवामुक्तीच्या वेळी, सोमण ताफ्याचे प्रमुख होते. १८ डिसेंबरला ‘बेतवा’ आणि ‘बियास’ या युद्धनौकांनी मुरगाव बंदरात पोर्तुगीजांच्या ‘अफोन्सो द अल्बुकर्क’वर तोफा डागल्या. खिळखिळी झालेली ती नौका शेवटी किनाऱ्याला लावून तिच्या खलाशांनी सोडून दिली. आपल्या त्या दोन युद्धनौकांतली ‘बेतवा’ आपल्याच प्रदेशातल्या नदीचं नाव मिरवत होती, हे माळव्यातल्या माणसानं विसरू नये. त्याच दिवशी अंजदीव बेटावर उतरताना आपले सात नौसैनिक धारातीर्थी पडले. गोव्याच्या विजयाबद्दल बोलताना आधी त्या सातजणांपुढे नतमस्तक व्हावं.

जून १९६२ मध्ये सोमण नौदलप्रमुख झाले. त्यांची खरी परीक्षा १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात झाली. विमानवाहू नौका ‘विक्रांत’ मुंबईच्या गोदीत दुरुस्तीला लागलेली. युद्ध फार पसरू नये, शिवाय इंडोनेशियाकडून अंदमान-निकोबारला धोका आहे, असा सरकारचा विचार होता. म्हणून नौदलाला लेखी आदेश आला, की पोरबंदरच्या अक्षांशाच्या उत्तरेला आक्रमक हालचाल करायची नाही. ७ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानी नौका द्वारकेवर तोफगोळे टाकून निघून गेल्या. हाती नौका असताना हे सोसायचं! संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण. म्हणजे दोन मराठी माणसं समोरासमोर. सोमणांनी आपली हरकत त्यांच्यापाशी स्पष्ट शब्दांत मांडली, आणि निर्णय बदलला नाही तेव्हा तो पाळला. माझ्या मते तो आदेश चुकीचा होता. मात्र लोकनियुक्त सरकारपुढे निर्भीडपणे मत मांडणारा आणि मग त्याच सरकारची आज्ञा मानणारा सेनापती मिळणं ही लोकशाहीची मोठी मिळकत आहे, असं मी मानतो.

द्वारकेची चर्चा साठ वर्षं चालू आहे. सोमणांच्या काळात शांततेत जे उभं राहिलं, त्याची मात्र कुणी फारशी आठवण काढत नाही. ‘हंसा’ हा नौदलाचा हवाई तळ १९६४ साली गोव्यात दाभोळीला आला. त्याच वर्षी पोर्ट ब्लेअरला ‘जारवा’ हा नाविक तळ सुरू झाला. माझगाव गोदीत लिअँडर जातीच्या युद्धनौका बांधण्याचा करार झाला; त्यातली पहिली ‘निलगिरी’ १९७२ मध्ये नौदलात आली. पाणबुड्यांसाठी ब्रिटनशी बोलणी फळाला येईनात, तेव्हा सप्टेंबर १९६५ मध्ये, ऐन युद्धाच्या महिन्यात, सोव्हिएत संघाशी करार झाला. ‘कलवरी’ ही आपली पहिली पाणबुडी डिसेंबर १९६७ मध्ये दाखल झाली. सोमण त्याआधीच, मार्च १९६६ मध्ये, निवृत्त झाले होते. १९७१ च्या विजयाची पायाभरणी अशा कामांतून झाली. त्या विजयाच्या वर्णनांत सोमणांचा उल्लेख क्वचितच येतो, आणि हे संमेलन इथे भरवण्यामागची आमची तळमळ हीच आहे.

एक विनंती. ग्वाल्हेर, इंदूर, देवास, धार इथल्या मराठी घरांतून जी मंडळी नौदलात गेली, त्यांची पत्रं, छायाचित्रं, सेवेची कागदपत्रं आपल्याकडे असतील तर कृपया रद्दीत घालू नका. सभागृहाबाहेर त्यांच्या प्रती काढण्याची सोय केली आहे; मूळ कागद लगेच परत मिळतील.

आता संमेलनाध्यक्षांना दीपप्रज्वलनाची विनंती करतो.