निकाल फाइलवर लागतो

पदवीधर मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यापैकी काही जण सरकारी वकिलीत येतील, अशी आशा धरून बोलतो. इथे फी बेताची आणि अशील अवाढव्य. नियमन, व्यापार आणि तंटे यांत सरकारची बाजू मांडताना एक गोष्ट पक्की उमजली: सरकारी खटल्याचा निकाल पुष्कळदा वकीलपत्र दाखल होण्याआधीच, फाइलवर लागलेला असतो.

गोरधनदास भानजी खटला तुम्ही अभ्यासला असेल. 1947 साली अंधेरीत थिएटर बांधायला मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी परवानगी दिली आणि थोड्याच काळात ती रद्द केल्याचे पत्र धाडले. पत्राचा सूर असा, की शासनाच्या निर्देशावरून कळवण्यात येते. नियमाने मात्र अधिकार आयुक्तांचा होता. प्रकरण कोर्टात गेल्यावर आयुक्त म्हणू लागले, निर्णय माझाच होता. सर्वोच्च न्यायालयाने 1951 मध्ये ते मानले नाही. न्यायमूर्ती विवियन बोस यांनी बजावले, की आदेशाचा अर्थ आदेशातल्या शब्दांवरूनच लावायचा. मनात काय होते, हे मागाहून सांगून भागत नाही.

जिनिव्हात, जागतिक व्यापार संघटनेतही तेच अनुभवास येते. बर्ड फ्लूच्या कारणावरून भारताने अमेरिकेची कोंबडी आणि अंडी अडवली. अमेरिका 2012 मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे गेली आणि 2015 मध्ये अपील मंडळाचा निकाल आपल्याविरुद्ध लागला. रोगापासून देशाला जपण्याचा आपला हक्क कुणी नाकारला नव्हता. पण बंदीला शास्त्रीय जोखीम-मूल्यांकनाचा आधार नव्हता, आणि रोग एखाद्या भागापुरता असला तरी अख्ख्या देशाचा माल बंद होत होता.

निकाल लागला तरी तंटा मिटतोच असे नाही. हा वाद अखेर 2023 मध्ये वाटाघाटींनी मिटला; गोठवलेली टर्की, बदक, ब्लूबेरी अशा मालावरचे आयात शुल्क भारताने कमी करायचे ठरले. तडजोडीत कमीपणा नाही. मात्र उद्या चौकशी लागेल या भीतीने अधिकारी ‘अपील करावे’ असा शेरा मारून मोकळा होतो. तडजोड का हिताची, याची कारणे तुम्ही लेखी दिलीत, तर त्याला सही करायचे बळ येते.

तेव्हा आदेशाच्या मसुद्यावर मत देण्यापूर्वी विचारा: साहेब, कारण कुठे लिहिले आहे? उत्तर तोंडी मिळाले, तर टिपणात उतरवून घ्या. मंत्री बदलतात, सचिवांची बदली होते, तुम्हीही निवृत्त व्हाल. कोर्टापुढे फाइलच जाते. आपल्याला नकार का मिळाला, हे नागरिकाला आणि व्यापाऱ्याला आदेश वाचून कळले पाहिजे. एवढे सांभाळलेत, तर सरकारबरोबर जनतेचीही वकिली तुमच्या हातून घडेल.