भीतीची भीती
(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



शिरपामाळ आपणांस नवा नाही. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीस जाताना शिवछत्रपतींचा येथे मुक्काम पडला व जव्हारच्या विक्रमशहा महाराजांनी त्यांस मानाचा शिरपेच चढविला, ही परंपरागत कथा आपण मुलांस सांगतो. निवृत्तीच्या आदल्या वर्षी तीच कथा विद्यार्थ्यांस सांगण्यासाठी मी माळावर चढलो, आणि मजवर निराळाच प्रसंग ओढवला. छाती धडधडू लागली, श्वास कोंडला, हातांस मुंग्या आल्या, दरदरून घाम सुटला. आता प्राण जाणार, अशी खात्रीच झाली. पाव घटकेत सारे ओसरले.

तपासणीत हृदय निर्दोष ठरले. तरी झटके पुन्हा आले, आणि त्यांच्या धास्तीने मी दोन वर्षे माळाकडे फिरकलो नाही. कोणी ‘वारे लागले’ म्हणाले, कोणी ‘ढोंग’. मी लाजेने गप्प राहिलो.

या व्याधीस पॅनिक डिसऑर्डर, म्हणजे भयाच्या झटक्यांचा विकार, म्हणतात. एखादाच झटका म्हणजे विकार नव्हे. ते अवचित पुन्हा पुन्हा येणे, आणि पुढच्या झटक्याची धास्ती किंवा तीपायी वागण्यात पडलेला पालट महिनाभर टिकणे, ही त्याची खूण.

मग तो अमक्यासच का जडतो? आनुवंशिकता, चिंताळू स्वभाव, बालपणीचे आघात, आयुष्यातील ताण, धूम्रपान यांचा त्यात वाटा असतो. परंतु आणखी एक कारण मनात जपून ठेवावे असे आहे: स्वतःच्या शरीराच्या संवेदनांचेच भय. चढ चढता प्रत्येकाची छाती धडधडते. एक म्हणतो, ‘दम लागला’. दुसरा म्हणतो, ‘हृदय बंद पडणार’. या विचाराने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते, आणि चक्र फिरू लागते. इंग्लंडातील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली हे चक्र विशद केले. यास्तव उपचारात संवेदनांचा योग्य अर्थ लावण्यास व टाळलेल्या ठिकाणी क्रमाक्रमाने जाण्यास शिकवितात. जरूर तेथे औषधेही देतात.

मीही तसाच पावलापावलाने माळावर परत गेलो. धडधड झाली. थांबलो. ती ओसरली.

बंधुभगिनींनो, छातीत कळ आल्यास प्रथम डॉक्टरांकडेच जावे. ‘भीतीच असेल’ असे परस्पर ठरवू नये. मात्र हृदय निर्दोष ठरल्यावर रोग्यास ढोंगी म्हणू नये. शासनाची ‘टेली मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मिळते. मी लाजेपायी दवडलेली दोन वर्षे आपणांपैकी कोणाची न जावोत, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.