कोणावाचून अडत नाही, असे म्हणण्यापूर्वी

(बंगळूर येथे मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी वर्षात बोलण्याचा मान मंडळाने मला दिला, याबद्दल मी ऋणी आहे. मी साहित्यिक नव्हे, वक्ताही नव्हे. आयुष्याची तीस वर्षे संगणकाच्या आज्ञावली तयार करणाऱ्या एका कंपनीत गेली. "तेथे माणसे कशी जगतात ते सांगा," अशी चिटणीसांची आज्ञा झाली, म्हणून उभा आहे. येथे बसलेल्या बहुतेक घरांतील कोणी ना कोणी सकाळी अशाच एखाद्या कंपनीची बस पकडते. तेव्हा विषय आपल्या घरचाच आहे.

उद्योगाच्या निमित्ताने मराठी माणसाचे बंगळूरशी जडलेले नाते जुने आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने १९४० साली येथे विमानांचा कारखाना उभारला. पुढे १९४८ साली टेलिफोनचा, १९५३ साली यंत्रसामग्रीचा आणि १९५४ साली इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा असे सरकारी कारखाने येथे आले. त्या पिढीतील माणूस भोंग्याबरोबर कामावर जाई आणि भोंग्याबरोबर घरी परते. बढती सावकाश मिळे. पण आपल्या पुढे कोण आणि मागे कोण, हे प्रत्येकाला ठाऊक असे.

आमची पिढी निराळ्या वेगात सापडली. त्या वेगाची कल्पना यावी म्हणून सर्वांना ठाऊक असलेले एक उदाहरण देतो. इन्फोसिस ही कंपनी सात अभियंत्यांनी १९८१ साली पुण्यात दहा हजार रुपयांच्या भांडवलावर सुरू केली. १९८३ साली ती बंगळूरला आली. १९९९ साली तिचे भाग अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात नोंदले गेले. २००९ साली तिच्यात एक लाखाहून अधिक माणसे काम करीत होती आणि २०२२ साली हा आकडा तीन लाखांपलीकडे गेला होता. सात माणसांपासून तीन लाखांपर्यंतचा हा प्रवास एका माणसाच्या नोकरीच्या काळात झाला. मी ज्या कंपनीत होतो ती याहून वेगळी. तिचे नाव घेण्याचे येथे प्रयोजन नाही. पण वाढीचा वारा सर्वत्र तोच होता.

मी १९९४ साली रुजू झालो, तेव्हा आम्ही दोनशेच्या आत होतो. दुपारचे डबे एकाच लांब टेबलावर उघडत. कोणाच्या घरी पाळणा हलला, कोणाचे वडील आजारी आहेत, हे न विचारता कळे. मग २००० सालाचा प्रश्न उभा राहिला. जुन्या आज्ञावलींत वर्ष दोनच अंकांनी लिहिलेले असे. शतक पालटताच यंत्रांचा हिशेब चुकणार होता. लाखो ओळी तपासायच्या होत्या आणि त्यासाठी माणसे हवी होती. दर सोमवारी नव्या मुलांची रांग दारात उभी राहू लागली. पाच-सहा वर्षांत अशी वेळ आली, की उद्वाहनात भेटलेला तरुण आपल्याच खात्यातील आहे, हे त्याच्या गळ्यातील ओळखपत्रावरून वाचावे लागे.

या वाढीने आम्हांला जे दिले ते नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. कारकुनाचा मुलगा न्यूयॉर्कच्या बँकेत बसून काम करू लागला. ज्या घरांत कर्ज म्हणजे संकट मानीत, तेथे तिशीच्या आत स्वतःचे छप्पर आले. लहान गावांतून आलेल्या मुली पुरुषांच्या बरोबरीने आणि बरोबरीच्या वेतनावर काम करू लागल्या. हे सर्व मी डोळ्यांनी पाहिले आहे.

परंतु कंपनी इतक्या वेगाने वाढते कशी, याचाही विचार केला पाहिजे. सातासमुद्रांपलीकडील ग्राहक पहिला प्रश्न विचारतो तो हा: "तुमचा अमुक माणूस उद्या सोडून गेला, तर माझ्या कामाचे काय?" त्याला निर्धास्त करावयाचे, तर प्रत्येक काम असे बांधावे लागते, की एक माणूस उठला तर दुसरा त्याच जागी बसावा. आपल्याकडे म्हणतात, कोणावाचून कोणाचे अडत नाही. घरात ते वैतागाचे बोल असतात; कंपनीत ते धोरण झाले. धोरण म्हणून ते योग्यही आहे. पण ज्याच्यावाचून अडत नाही त्याची किंमतही नाही, असे मानण्याचा मोह तेथूनच सुरू होतो. त्या मोहाला मी स्वतः बळी पडलो. ती हकीकत आज सांगणार आहे.

कर्मचाऱ्यांच्या वार्षिक मूल्यमापनासाठी आमच्याकडे घंटेच्या आकाराची रेषा आली. थोडे उत्तम, बहुतेक मध्यम आणि थोडे कनिष्ठ अशी विभागणी प्रत्येक गटात झालीच पाहिजे, असा दंडक होता. ही रीत अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकचे प्रमुख जॅक वेल्च यांच्यामुळे जगभर पसरली. हजारो माणसांची उंची मोजली तर अशी रेषा मिळते, हे शास्त्र खरे. पण पारखून निवडलेल्या बारा जणांत एक नालायक निघालाच पाहिजे, असे कोणते शास्त्र सांगते? मायक्रोसॉफ्टने ही सक्ती २०१३ साली सोडून दिली. आमच्याकडे २००९ साली, मंदीच्या दिवसांत, ती जोरात होती.

माझ्या गटात बारा जण होते. त्यांतील एक आपलाच, सोलापूरकडचा. अबोल. रात्री यंत्र बंद पडले म्हणून धावून आला आहे, असे त्याच्या बाबतीत कधी घडले नाही. जे धावून येत त्यांची नावे वरिष्ठांच्या कानी होती. याचे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. कनिष्ठ रकान्यात एक नाव लिहिणे भाग होते. मी त्याचे लिहिले. त्याने कारण विचारले, तेव्हा "तुमच्यात पुढाकार कमी पडतो," असे काहीतरी गुळमुळीत सांगितले. दोन महिन्यांत त्याला जावे लागले.

पुढे एका मध्यरात्री त्याच्याकडे असलेली यंत्रणा अडली. आम्ही चौघे पहाटेपर्यंत झगडलो. अखेर लाज गुंडाळून मी त्याला दूरध्वनी केला. तो शांतपणे म्हणाला, "सर, मी जाताना वही ठेवली होती. महिनाअखेरीच्या हिशेबाचे पान पाहा." वही कपाटात होती. कोणीही उघडलेली नव्हती. पुढे काय बिघडू शकेल आणि बिघडल्यास काय करावे, हे सर्व त्याने सुवाच्य अक्षरांत लिहिले होते. दहा मिनिटांत काम सुरू झाले.

त्या पहाटे मला उमगले, की त्याच्या यंत्रणेत रात्री धावण्याची वेळ येत नसे, कारण तो ती येऊच देत नसे. आपल्यावाचून कोणाचे अडू नये, म्हणून तो झटत होता. कंपनीला हवा होता तो नेमका हा गुण. आणि त्या गुणामुळेच तो आम्हांला दिसला नाही.

त्याची क्षमा मागण्याचे धैर्य मला सात वर्षांनी झाले, तेही आपल्या गणेशोत्सवात, पंगतीनंतर हात धुताना. तो दुसऱ्या कंपनीत स्थिरावला होता. रागावला नाही. एवढेच म्हणाला, "सर, जागा एकच होती आणि नाव लिहिणे भाग होते, असे खरे सांगितले असते तर बरे झाले असते. मी दोन वर्षे माझ्यातली उणीव शोधत होतो." या वाक्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. आजही नाही.

म्हणून येथील तरुण अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. दंडक मोडणे तुमच्या हाती नसेल, पण खरे कारण सांगणे तुमच्या हाती आहे. ज्याच्या खात्यात गडबड होत नाही, त्याच्या टेबलापाशी एकदा मुद्दाम जा आणि ती का होत नाही, हे विचारा. आणि घरातील वडीलधाऱ्यांना विनंती, की मुलगा किंवा सून मान खाली घालून घरी आली, तर "तुझे काय चुकले?" हा प्रश्न प्रथम विचारू नका. पुष्कळदा चुकलेले असते ते कोष्टक.

ती वही मी निवृत्त होताना मागून घेतली नाही. ती कंपनीची होती. पण तिच्या पहिल्या पानावरचे एक वाक्य माझ्या ध्यानात आहे: "हे वाचणाऱ्याला माझी आठवण काढावी लागू नये." बंधुभगिनींनो, मी आज ती मुद्दाम काढली.