सावली माणवरून गेली तर

मुळशी तालुक्यातल्या माण गावाच्या शिवारात हिंजवडी आयटी पार्कचा तिसरा टप्पा उभा राहिला आणि गावावरचे आकाश रात्रभर उजळलेले राहू लागले. तिथल्या गच्चीवरून आकाशगंगा दिसण्याची आशा आता कुणी धरत नाही. तरीही खगोलशास्त्रातले एक काम त्याच गच्चीवरून चोख होऊ शकते, ते म्हणजे पिधानाची (एखाद्या खगोलाने तारा झाकण्याची) वेळ टिपणे. उजळ आकाशात तेजोमेघ बुडून जातात, पण जरा ठळक ताऱ्याचा ठिपका दुर्बिणीला लावलेल्या कॅमेऱ्याला सापडतो. तो नेमका कधी विझला आणि कधी पुन्हा उजळला, एवढेच इथे पाहायचे असते.

चंद्राने रोहिणीला झाकलेले अनेकांनी पाहिले असेल. तसाच नेपच्यूनपलीकडचा एखादा बर्फाळ गोळा ताऱ्यापुढून जातो, तेव्हा त्या गोळ्याची सावली पृथ्वीवरून सेकंदाला वीसेक किलोमीटरच्या वेगाने धावते. तारे इतके दूर, की सावलीची रुंदी जवळपास गोळ्याएवढीच राहते. २५० किलोमीटरचा गोळा असेल तर सावलीच्या पट्ट्याच्या मध्यावरून तारा दहा-बारा सेकंद नाहीसा होतो. पट्ट्याबाहेर काहीच घडत नाही.

खरी कसोटी भाकिताची. हे गोळे पृथ्वी-सूर्य अंतराच्या चाळीसपट दूर, म्हणजे सुमारे ६०० कोटी किलोमीटरवर. तिथे एका विकलेची चूक म्हणजे २९,००० किलोमीटर, पृथ्वीच्या व्यासाच्या दुपटीहून जास्त! विकलेच्या दहाव्या भागाची चूकसुद्धा सावलीला काश्मीरहून जवळजवळ कन्याकुमारीला नेऊन ठेवते. युरोपच्या गाया उपग्रहाने मोजलेल्या ताऱ्यांच्या जागा २०१६ पासून मिळू लागल्या आणि हे गणित बदलले.

बदलले म्हणजे किती, ते आरोकोथने दाखवले. जेमतेम ३५ किलोमीटर लांबीचा हा गोळा. न्यू होरायझन्स यान त्याच्याकडे निघालेले, आणि त्याचा आकार कुणालाच माहीत नाही. ३ जून २०१७ च्या पिधानासाठी दक्षिण आफ्रिका आणि अर्जेंटिनात दुर्बिणी मांडल्या, पण तारा कुणाकडेच विझला नाही. १७ जुलैला अर्जेंटिनातल्या कोमोदोरो रिवादाविया परिसरात पुन्हा दुर्बिणींची रांग लागली. स्थानिकांनी रस्त्यावरचे दिवे बंद केले आणि वारा अडवायला ट्रक आडवे लावले. या वेळी पाच दुर्बिणींनी तारा विझताना टिपला. त्या मोजक्या क्षणांवरून दोन गोळे चिकटल्यासारखा आकार समोर आला. १ जानेवारी २०१९ रोजी यान जवळून गेले तेव्हा तो तसाच निघाला.

आकार कळतो तो अनेक जागांमुळे. माण आणि आंबेगाव तालुक्यातली आयुका या खगोलसंस्थेची गिरवली वेधशाळा यांच्यात सरळ रेषेत साधारण ६० किलोमीटरचे अंतर, तेही बहुतांश दक्षिणोत्तर. पूर्व-पश्चिम धावणारी मोठी सावली दोन्हींवरून गेली, तर गोळ्याच्या दोन वेगळ्या जीवा मोजता येतील. गिरवलीला तारा विझला आणि माणला नाही, तर गोळ्याची कड त्या दोघांच्या मधून गेली. म्हणून ‘विझला नाही’ ही नोंदही तितकीच मोलाची, आणि तीच पाठवायला लोक कंटाळतात.

भारताचे या कामातले नाव जुने आहे. १० मार्च १९७७ रोजी तमिळनाडूतल्या कावलूरला भट्टाचार्य आणि कुप्पुस्वामी युरेनसच्या पिधानावर नजर ठेवून होते. ग्रहाच्या बिंबापासून दूर असतानाच तारा काही सेकंद मंदावला. त्यांनी आधी तो नवा उपग्रह मानला. जेम्स एलियट यांच्या तुकडीने हिंदी महासागरावर उडणाऱ्या विमानातून घेतलेल्या आणि इतर ठिकाणच्या नोंदी जुळवल्यावर युरेनसची कडी हाती आली. ६ जून २०२० रोजी नैनितालजवळच्या देवस्थळहून प्लुटोचे पिधान पाहिले गेले. तिथे तारा एकदम विझला नाही, हळूहळू मावळला, कारण वाटेत वातावरण होते. त्याचा दाब पृथ्वीवरच्या दाबाच्या सुमारे ऐंशी हजाराव्या भागाएवढा भरला.

पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था हौशी निरीक्षकांना एकत्र आणते आहे. असे हौशी निरीक्षक तर वेगवेगळ्या अक्षांशांवर विखुरलेले, आणि सावलीला हवे असते तेच. मध्यम आकाराची दुर्बीण, व्हिडिओ कॅमेरा आणि प्रत्येक चित्रावर जीपीएसची वेळ उमटवणारे साधन एवढे जमले की सुरुवात करता येते. भाकिते मोफत मिळतात. पहिल्यांदा मंगळ-गुरूमधल्या लघुग्रहांची पिधाने घ्यावीत, ती वारंवार होतात. नोंदीत जागेचे अक्षांश-रेखांश आणि उंची मात्र चुकवू नये.