आईचे नाव आणि मुलाचे नागरिकत्व



नागरिकत्वाविषयी वऱ्हाडात बोलावयाचे तर आरंभी डॉ. पंजाबराव देशमुखांचे स्मरण केले पाहिजे. १९४९ च्या ऑगस्टमध्ये घटना समितीत या विषयावर वाद झाला, तेव्हा अमरावतीच्या या सुपुत्राने हरकत घेतली. वाटेत मुंबईत थांबलेल्या परदेशी जोडप्याला तेथे मूल झाले, तर तेवढ्यावरून ते भारतीय कसे? असे झाल्यास आपले नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त ठरेल, असे त्यांचे म्हणणे होते. नुसती भूमी पाहू नका, आईबापही पाहा, हा त्याचा मथितार्थ. त्यांची उपसूचना मान्य झाली नाही. घटनेच्या पाचव्या कलमाने मात्र येथे कायम वास्तव्य असणाऱ्यांसाठी भूमीही मानली आणि आईबापही. आणि आईबापांपैकी कोणीही एक भारतात जन्मलेले असले तरी पुरे, असे म्हटले.

म्हणजे घटनेने आईला मोजले. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने काय केले? परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशाने नागरिकत्व दिले, पण बाप भारतीय असेल तरच. अकोल्याच्या मुलाने लंडनमध्ये इंग्रज मुलीशी लग्न केले, तर त्याचे मूल भारतीय. अमरावतीच्या मुलीने तेथेच इंग्रजाशी लग्न केले, तर तिचे मूल परके! नऊ महिने पोटात वागवणारीचे नाव कायद्याच्या हिशेबात नव्हते. ही चूक दुरुस्त व्हायला ३७ वर्षे लागली. १० डिसेंबर १९९२ पासून आई किंवा बाप, कोणीही भारतीय असले तरी पुरते. त्याआधी जन्मलेल्यांना मात्र हा लाभ मागाहून मिळाला नाही.

हक्क मिळाला, पण तो आपोआप पदरात पडत नाही. ३ डिसेंबर २००४ पासून परदेशी जन्मलेल्या मुलाची नोंद भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत करावी लागते. मुदत टळली तर केंद्र सरकारची परवानगी लागते. मुलाजवळ दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असे आईबापांनी लिहून द्यावे लागते. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व जन्माने मिळाले असेल, तर सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत ते सोडावे लागते. न सोडल्यास भारताचे जाते. पुष्कळांना वाटते, पासपोर्ट काढला की नागरिकत्व आले. तसे नाही. नागरिकत्व आधी, पासपोर्ट हा त्याचा दाखला.

आज अमरावती-अकोल्याच्या कितीतरी घरांतल्या लेकी परदेशी आहेत. एखादी एकटीच लेकराला घेऊन परत येते. तिने बिचकू नये. २०१६ च्या सुधारणेपासून पासपोर्टच्या अर्जावर आईबापांपैकी एकाचे नाव चालते. आजी-आजोबांना आमची विनंती एवढीच, की लेकीचा जन्मदाखला जपून ठेवा आणि नातवंड झाल्याची तार, म्हणजे आताचा फोन, आला की पेढे वाटण्याआधी विचारा: “वकिलातीत नोंद केली का?”