नवा चालक, जुना गाभा

मुरबाडकडून जातांना सिद्धगडाचा डोंगर समोर उभा राहिला म्हणजे जाणत्या माणसाला २ जानेवारी १९४३ चा दिवस आठवल्यावांचून राहत नाहीं. त्या दिवशीं सिद्धगडाच्या रानांत पोलिसांच्या गोळीबारांत विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील हे धारातीर्थीं पडले. १९४२ च्या लढ्यांत त्यांच्या आझाद दस्त्यानें विजेच्या तारांचे मनोरे पाडण्याचें काम हातीं घेतलें होतें. खोपोलीचें वीजघर १९१५ मध्यें, भिवपुरीचें १९२२ मध्यें आणि भिऱ्याचें १९२७ मध्यें सुरू झालें होतें. सह्याद्रीवर पडलेल्या पावसाची वीज होऊन ती मुंबईच्या गिरण्यांना मिळत होती.

एवढें मोठें शहर एका तारेवर उभें आहे, ही गोष्ट त्या तरुणांनीं नेमकी ओळखली होती. पारतंत्र्यांत ती तार तोडणें हा देशधर्म ठरला. स्वतंत्र देशांत तीच तार अखंड राखणें हें आपलें कर्तव्य होऊन बसलें आहे. आणि आज तें राखण्यांत केवळ खांबावर चढणारे कामगार नव्हेत, तर गणकयंत्रासाठीं आज्ञा लिहिणारीं माणसेंहि गुंतलेलीं आहेत. त्यांच्या कामांतील एका अप्रसिद्ध, कंटाळवाण्या, परंतु अत्यावश्यक भागाविषयीं मला आज आपणांशीं बोलावयाचें आहे. त्या कामाला ते ‘बॅकपोर्ट’ करणें म्हणतात. म्हणजे नव्या गाभ्यासाठीं लिहिलेला चालक मागें नेऊन जुन्या गाभ्यांत बसविणें.

यांतील ‘चालक’ शब्द ऐकून आणि तो ‘बस’चा चालक आहे असें कळून कोणाला मुरबाडच्या स्थानकावरील एस्. टी.ची आठवण झाली, तर ती अगदींच अस्थानीं म्हणतां येणार नाहीं. लॅटिन भाषेंत ‘ऑम्निबस’ म्हणजे ‘सर्वांसाठीं’. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत फ्रान्समध्यें भाडें देणाऱ्या कोणालाहि बसतां येईल अशा घोडागाड्यांना हें नांव मिळालें. पुढें त्याचें डोकें गळालें आणि ‘बस’ एवढें शेपूट उरलें. म्हणजे आपण ज्यांत बसून प्रवास करतों तो वस्तुतः चतुर्थीच्या बहुवचनाचा नुसता प्रत्यय आहे! वीजघरांत जी जाड धातूची पट्टी अनेक तारांना एकत्र जोडते, तिलाहि याच कारणानें ‘बसबार’ म्हणतात. आणि गणकयंत्राच्या पोटांत ज्या सामाईक तारांवरून निरनिराळे भाग एकमेकांशीं बोलतात, त्यांनाहि ‘बस’ हेंच नांव पडलें. वाट एक, वाटसरू अनेक, असा तिन्ही ठिकाणीं भाव.

आतां गाभा म्हणजे काय, तें पाहूं. गणकयंत्रांतील सर्व कार्यक्रमांच्या तळाशीं एक मुख्य कार्यक्रम असतो. स्मरणाची वांटणी, कामाची वेळ, कोणत्या भागानें केव्हां बोलावें, हें सारें तो ठरवितो. त्याला इंग्रजींत ‘कर्नल’, म्हणजे फळाचा गर अथवा गाभा, असें म्हणतात. १९९१ सालीं फिनलंडमधील लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्यानें असा एक गाभा लिहावयास घेतला आणि सर्वांसाठीं खुला केला. तो लिनक्स. आज टपालपेटीएवढ्या यंत्रापासून महासंगणकापर्यंत तो सर्वत्र आहे. आपल्या खिशांतील अँड्रॉइड फोनच्या तळाशींहि तोच आहे. प्रत्येक उपकरणाची बोली वेगळी; म्हणून प्रत्येकासाठीं गाभ्यांत एक दुभाषा ठेवावा लागतो. हा दुभाषा म्हणजेच चालक. कांहीं चालक एकेका उपकरणाचे असतात, तर कांहीं त्या सामाईक वाटेचे, म्हणजे बसचे, असतात.

लिनक्सची नवी आवृत्ति साधारणपणें दर नऊ-दहा आठवड्यांनीं निघते. बाहेरच्या कार्यक्रमांना दिलेलें वचन हा गाभा मोडीत नाहीं. परंतु आंतल्या आंत, गाभा आणि चालक यांच्यामध्यें, कसलेंहि कायमचें वचन नाहीं. घराचें तोंड तेंच, पण आंतल्या भिंती दर हंगामाला हलतात. नवे चालक अर्थातच नव्या भिंतींच्या मापानें घडविले जातात. आणि येथूनच आपली अडचण सुरू होते.

एक कल्पना करा. सिद्धगडाच्या पायथ्याच्या एखाद्या गांवीं पाऊस मोजणारें केंद्र आहे. हें मोजमाप हौसेचें नव्हे. याच सह्याद्रीच्या पलीकडल्या अंगाला, आंबेगांव तालुक्यांत, ३० जुलै २०१४ रोजीं पहाटे माळीण गांवावर डोंगर कोसळला आणि सुमारें दीडशें माणसें गाडलीं गेलीं. ज्या डोंगराखालीं माणसें झोंपतात तेथें रात्रींत किती पाऊस पडला, हें वेळीं कळणें म्हणजे प्राणांचा प्रश्न आहे. आपल्या केंद्रांतील छोटें गणकयंत्र २०१८ सालच्या ४·१९ या गाभ्यावर बिनतक्रार चालत आहे. एके दिवशीं त्याचें मापक बिघडतें. तसलें मापक आतां कोणी बनवीत नाहीं. नवें मिळतें, पण त्याचा चालक सहाव्या मालिकेंतील नव्या गाभ्यासाठींच लिहिलेला आहे. मापक आहे, यंत्र आहे, तारा आहेत. दोघांना एकमेकांची भाषा मात्र कळत नाहीं.

मग गाभाच नवा कां घालूं नये? प्रश्न रास्त आहे. आणि जेथें शक्य असेल तेथें तेंच करावें, असें जाणते लोकहि सांगतात. परंतु कित्येक ठिकाणीं तें साधत नाहीं. यंत्राचें स्मरण तोकडें असतें. एखादा भाग अशा कारखान्याचा असतो, कीं ज्यानें आपला चालक कुलुपांत ठेवला व पुढें त्याकडे पाठ फिरविली. किंवा ती यंत्रणा महिनोन्‌महिने तपासून मान्य झालेली असते आणि गाभा बदलला कीं ती तपासणी पुन्हां पहिल्यापासून करावी लागते. वीजघरांतील अथवा आगगाडीच्या मार्गावरील यंत्र वीस-वीस वर्षें चालावें अशी अपेक्षा असते. एका खिळ्यासाठीं सारें घर पाडावयाचें नसतें.

तेव्हां चालक मागें न्यावयाचा. हें काम कसें चालतें, तें मुरबाड-शहापुराकडील शेतकऱ्याला मी एका शब्दांत सांगेन: ही आवणी आहे. राबांत वाढलेलें भाताचें रोप उपटून दुसऱ्या खाचरांत लावावयाचें असतें. उपटतांना मुळें तुटलीं तर रोप जगत नाहीं. आणि मुळें शेजारच्या रोपांत गुंतलेलीं असतात. चालकाचींहि मुळें असतात. तो गाभ्यांतील पांच-पंचवीस साहाय्यक क्रियांवर विसंबून असतो, आणि त्यांपैकीं कांहीं जुन्या गाभ्यांत जन्मलेल्याच नसतात. मग दोन वाटा उरतात. एक तर तीं मुळेंहि मातीसकट उचलून आणावयाचीं, म्हणजे ज्या बदलांवर चालक उभा आहे ते बदलहि क्रमानें मागें आणावयाचे. नाहींतर रोपच थोडें छाटून जुन्या मातीला मानवेल असें करावयाचें. पहिल्या वाटेनें आणलेलें मूळच्याशीं प्रामाणिक राहतें, पण ओझें वाढतें. दुसऱ्या वाटेनें ओझें हलकें होतें, पण छाटणाऱ्याच्या हाताची चूक त्यांत शिरूं शकते.

उदाहरण घ्यावयाचें तर फिलिप्स कंपनीनें १९८२ च्या सुमारास काढलेल्या ‘आयटूसी’ या बसचें घेऊं. अवघ्या दोन तारा; एकीवर ताल, दुसरीवर बोल. प्रत्येक उपकरणाला एक क्रमांक असतो आणि ज्याचा क्रमांक पुकारला जाईल त्यानेंच उत्तर द्यावयाचें. आपलें पावसाचें मापक अशाच बसवर बसलेलें आहे असें समजा. या बसवरील उपकरण काढून घेतांना चालकाची जी क्रिया चालते, ती पूर्वीं शेवटीं एक अंक परत देत असे. २०२२ च्या डिसेंबरांत निघालेल्या ६·१ या गाभ्यापासून ती कांहींच परत देत नाहीं. उपकरण ओळखण्याच्या क्रियेला पूर्वीं दोन गोष्टी सांगाव्या लागत. २०२३ पासून एकच पुरते. हे फरक ध्यानांत न घेतां नवा चालक जुन्या गाभ्यांत घातला, तर भाषांतर करणारा कार्यक्रम लगेच तक्रार करतो. अशी चूक म्हणजे चार लोकांत ओरडणारा शत्रु. त्याचें भय कमी.

भय असतें तें न ओरडणाऱ्या चुकीचें. बसचें नियंत्रण करणारा भाग काम संपलें कीं गाभ्याला हांक मारतो. त्या हांकेची तार कोणती, हें त्याचा चालक गाभ्याला विचारून घेतो. ही तार सांपडली नाहीं तर तशी नोंद करणें हें पूर्वीं चालकाचें काम होतें. २०१९ मध्यें निघालेल्या ५·४ पासून गाभाच ती नोंद करूं लागला. म्हणून नव्या चालकांतून ती ओळ काढून टाकण्यांत आली. आतां हा नवा चालक ४·१९ मध्यें नेला, तर तो विनातक्रार बसतो. परंतु तार सांपडली नाहीं, तर गाभा बोलत नाहीं, कारण तो जुना. आणि चालकहि बोलत नाहीं, कारण तो नवा. दोघेहि दुसऱ्यानें सांगितलें असेल अशा समजुतींत! पावसाची रात्र, मापक मुकें, आणि दुरुस्तीला आलेल्या माणसाला नोंदवहींत एकहि ओळ नाहीं. एका क्षुल्लक ओळीची किंमत ही अशी असते. म्हणून हें काम करणारा माणूस शब्द जुळले एवढ्यावर थांबत नाहीं. त्या शब्दाचा त्या काळीं अर्थ काय होता, हें इतिहास चाळून पाहतो. जुन्या पोथीचा पाठ लावणाऱ्या पंडिताचें आणि याचें काम तत्त्वतः एकच आहे.

या कामाला एक शिस्त आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते. २००५ पासून लिनक्सच्या स्थिर आवृत्त्या वेगळ्या सांभाळल्या जातात. त्यांचा नियम असा, कीं जो बदल मुख्य गाभ्यांत आधीं स्वीकारला गेला आहे, तोच मागें न्यावयाचा. आणि मागें नेतांना मूळ बदलाचा क्रमांक व मूळ लेखकाचें नांव बरोबर ठेवावयाचें. आपण कोठें फेरफार केला असेल तर तोहि लिहावयाचा. उद्यां कोणी विचारलें, कीं ही ओळ कोठून आली, तर उत्तर तेथेंच सांपडलें पाहिजे. वीज, आगगाडी, कारखाने अशा नागरी व्यवस्थांसाठीं २०१६ सालीं ‘सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म’ हा सामाईक उपक्रम सुरू झाला. हिताची, तोशिबा, सीमेन्स यांसारखे प्रतिस्पर्धी त्यांत एकत्र आले. त्यांनीं ४·१९ हा गाभा २०२९ पर्यंत सांभाळण्याचें पत्करलें आहे. आणि नव्या यंत्रांचे चालक मागें आणण्यास तेथें मुभा आहे ती याच अटीवर, कीं ते आधीं मुख्य गाभ्यांत गेलेले असावेत. बंगळूरच्या आयवेव्ह या कंपनीनें बनविलेला एक फलक या उपक्रमाच्या संदर्भ-यंत्रांत घेतलेला आहे, हें आपणां भारतीयांना ऐकून बरें वाटेल.

याची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. फार मागें-मागें नेत राहिलें, तर गाभा ना धड जुना राहतो ना नवा होतो. रेड हॅट या कंपनीच्या सातव्या आवृत्तीचा गाभा २०१३ च्या ३·१० वर उभारलेला होता. ती आवृत्ति २०१४ मध्यें निघाली आणि तिची नेहमींची देखभाल ३० जून २०२४ ला संपली. दहा वर्षें क्रमांक तोच राहिला, पण पोटांत कितीतरी नवे चालक आणि दुरुस्त्या येऊन बसल्या. केवळ क्रमांक पाहून हा जुनाट आहे असें म्हणणारा फसे, आणि हा ३·१० च आहे असें समजून त्यावर कांहीं बसवूं पाहणाराहि फसे. या कंपनीचें एक अभियांत्रिकी केंद्र पुण्यांत आहे. म्हणजे जुन्यानव्याचा मेळ घालणारी ही विद्या आपल्या दाराशीं आलेली आहे. पण ती अमर्याद ताणावयाची विद्या नव्हे. मागें नेणें ही मुदत वाढविणें आहे, सुटका नव्हे. त्या मुदतींत नव्या घराची तयारी झालीच पाहिजे.

तरीसुद्धां, श्रोतेहो, ज्या समाजांत चालूं शकणारें यंत्र केवळ एका दुभाष्याच्या अभावीं भंगारांत जातें, तो समाज श्रीमंत असला तरी शहाणा म्हणतां येत नाहीं. आपल्या घरांतहि असें एखादें यंत्र असेल. तें टाकण्यापूर्वीं एवढें विचारून पाहावें: हें खरोखर मोडलें आहे, कीं याच्याशीं बोलणारा कोणी उरला नाहीं? आणि नवें घेतांना विचारावें: याचा चालक खुला आहे काय? कारण जो चालक खुला आहे तोच पुढें कोणाला तरी मागें नेतां येईल. कुलुपांतलें रोप कोणालाच लावतां येत नाहीं.

दरवर्षीं २ जानेवारीला सिद्धगडावर हुतात्म्यांना वंदन करावयास लोक जमतात. त्यांनीं शहराची एक तार तोडून दाखविली, आणि तारेचें महत्त्व सर्वांना कळलें. आपल्या वांट्याला तार जोडण्याचें, जुनी वाट नव्या वाटसरूसाठीं मोकळी ठेवण्याचें काम आलेलें आहे. त्यांत जयजयकार नाहीं. पावसाच्या रात्रीं सिद्धगडाखालचें मापक मुकाट्यानें आंकडे पाठवीत राहिलें आणि गांव वेळीं जागा झाला, तर तेवढें पुष्कळ आहे.