डबा कुणाशेजारी उघडायचा?

(बेळगाव येथील पालक मेळाव्यातील भाषण)



सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो आपण लढूच. आज बोलायचे आहे ते आठवी-नववीच्या मुलांबद्दल. शाळा एकच, पण मधल्या सुट्टीत मराठी मुले एका कोपऱ्यात, कन्नड दुसऱ्या, उर्दू तिसऱ्या. हे कोपरे त्यांना घरातल्या आमच्याच बोलण्याने दाखवले, हे आम्ही कबूल करतो.

अमेरिकेत २००२ साली टोळके सोडून दुसऱ्यांशेजारी जेवण्याचा एक दिवस सुरू झाला. एका दिवसाने काय होणार! त्यापेक्षा १९७१ साली ऑस्टिनमध्ये एलियट अ‍ॅरन्सन यांनी केले ते आम्हाला पटते. धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येकाला एकेक दिला. काळ्या मुलाचे ऐकल्याशिवाय गोऱ्याचा धडा पुरा होईना.

शनिवारी मुख्याध्यापकांकडे आम्ही हेच मागणार आहोत. कन्नड पालकांनाही बोलावले आहे. तुमच्यापैकी कोण येणार?